हृदयाची झडप आणि तिला पाहणारी साधने



आपल्या शिरूर-दौंड भागात कोणाला चालताना धाप लागू लागली, पायांवर सूज दिसू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी पहिल्यांदा म्हणतात, "छातीचा फोटो काढून घ्या." हा फोटो म्हणजे अर्थातच क्ष-किरणांचे चित्र. पुढे पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले की ते सांगतात, "टू-डी इको काढा." फोटो आणि इको हे दोन्ही शब्द आता आपल्या बोलीत इतके रुळले आहेत, की शेतावर राबणारी आजीबाईसुद्धा "माझा इको काढलाय" असे सहज सांगते. परंतु या दोन शब्दांच्या जन्मामध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. त्या साठ वर्षांत आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत माणसाने जिवंत हृदयाच्या आतील एक इंच-दीड इंचाची झडप डोळ्यांनी पाहण्यासाठी काय काय उद्योग केले, त्याची हकिकत आपल्यापुढे ठेवावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम झडप म्हणजे काय ते पाहू. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. झडपेचे काम विहिरीवरील पंपाच्या 'वॉल्व्ह'सारखेच आहे : पाणी पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १,०३,६८० वेळा झडप उघडते आणि मिटते. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या अलिंदात येते. तेथून ते मायट्रल झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि मग महारोहिणीच्या झडपेतून सर्व शरीरात जाते. निरोगी प्रौढ माणसाची मायट्रल झडप पूर्ण उघडली की तिचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर होते. ते दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली आले, की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि माणसाला जिना चढवत नाही. पुढे पुढे तर रात्री आडवे झोपवतही नाही.

झडप अशी आकसते कशाने? पाश्चात्य देशांत आज बहुतेक रोगी म्हातारपणामुळे चुना साचून महारोहिणीची झडप कडक झालेले असतात. आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. शाळकरी मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, आज या सांध्यात तर उद्या त्या सांध्यात दुखते, आणि तेही थांबते. घरचे निश्चिंत होतात. याला संधिज्वर किंवा रुमॅटिक ताप म्हणतात. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. जुने वैद्यकशिक्षक विद्यार्थ्यांना सांगत, की हा ताप सांध्यांना चाटून जातो पण हृदयाला चावतो. वारंवार असे झाले की झडपेच्या दोन पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटतात. दाटीच्या घरात, जेथे पाच-सहा मुले एका खोलीत झोपतात, तेथे हा रोग वाढतो. इंग्लंड-अमेरिकेतही तो एके काळी मुबलक होता. राहणीमान सुधारले, पेनिसिलीन आले, तसा तो तेथून गेला. आपल्याकडून तो अजून गेलेला नाही.

हा रोग ओळखण्याचे पहिले साधन डोळा नव्हते, कान होते. १८१६ साली पॅरिसच्या लायनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून एका रोगिणीच्या छातीवर ठेवली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. पुढे शंभर वर्षे डॉक्टरांनी हृदयाचे आवाज इतके बारकाईने ऐकले, की निष्णात वैद्य केवळ घरघरीवरून कोणती झडप बिघडली ते सांगू लागले. पण किती बिघडली? पाकळ्या मऊ आहेत की दगडासारख्या? चिकटलेली झडप गळतेही आहे काय? या प्रश्नांपुढे कान थकत असे. आणि शस्त्रक्रिया करावयाची तर नेमके हेच प्रश्न महत्त्वाचे.

१९२५ साली लंडनच्या हेन्री सूटर या शल्यविशारदांनी एका तरुण मुलीच्या हृदयात, डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यातून, आपले बोट घातले आणि चिकटलेली मायट्रल झडप चाचपून मोकळी केली. मुलगी वाचली. तरीही त्यानंतर एकाही वैद्याने सूटर यांच्याकडे असा दुसरा रोगी पाठविला नाही! हृदयाला हात लावणे हे त्या काळी शहाणपणाचे मानले जात नव्हते. तब्बल तेवीस वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेत बेली व हार्कन आणि लंडनमध्ये ब्रॉक यांनी तीच वाट पुन्हा चालून दाखविली. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की शल्यविशारदाला झडप दिसत नव्हतीच. हृदय धडधडत असे, आत रक्त भरलेले असे. बोटाच्या टोकालाच काय ते डोळे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांतच हाती घेतले. डॉ. सेन यांचे नाव लोकांना आठवते ते १६ फेब्रुवारी १९६८ च्या हृदयारोपणासाठी. डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या आरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी परळच्या या म्युनिसिपल रुग्णालयात ते झाले. रोगी काही तासच जगला. वर्तमानपत्रांना हृदयारोपण दिसले यात नवल नाही. पण माझ्या मते त्यांचे खरे ऋण झडपांच्या त्या मुकाट शस्त्रक्रियांचे आहे, ज्यासाठी कोकणातून, देशावरून, खानदेशातून गोरगरीब येत. ही शस्त्रक्रिया स्वस्त होती, तिला महागडे यंत्र लागत नसे, म्हणून ती भारताला मानवली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८३ साली आपल्या ३,७२४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका रुग्णालयाचा एवढा मोठा अनुभव जगात फार थोड्यांच्या गाठी असेल.

मग या काळी डॉक्टर आधी काय पाहत? तोच 'फोटो'. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत क्ष-किरण शोधले, आपल्या पत्नीच्या हाताचे अंगठीसह चित्र काढले, आणि या शोधाचे पेटंट घेण्याचे नाकारले. त्यांच्या या नकारामुळे आपल्यासारख्या गरीब देशांचे किती पैसे वाचले असतील याचा हिशेब कोणी केलेला नाही. क्ष-किरणांत हाड दिसते, पण झडप मांसाची. ती दिसत नाही. दिसते ती तिची सावली म्हणावी अशी लक्षणे. डावे अलिंद फुगले की हृदयाची डावी कड सरळ होते. रोग्याला बेरियमचे पांढरे पाणी गिळावयास लावले की हृदयामागून जाणारी अन्ननलिका फुगलेल्या अलिंदाने मागे ढकललेली स्पष्ट दिसते. झडपेवर चुना साचला असेल तर पडद्यावर तेवढा ठिपका ठोक्याबरोबर नाचताना दिसतो. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे ओळखणे.

दुसरा मार्ग हृदयात प्रत्यक्ष नळी सरकविण्याचा. त्याची कथा तर कादंबरीत शोभावी. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या लहानशा रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने स्वतःच्या हाताची शीर उघडली, तीतून मूत्रमार्गासाठी असते तशी बारीक रबरी नळी वर सरकवली, आणि ती तशीच हातात ठेवून जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. पडद्यावर नळीचे टोक हृदयात पोचल्याचे पाहून त्याने फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी शाबासकी दिली नाही, हे सांगावयास नकोच. १९५६ साली मात्र त्याला कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. याच नळीने हृदयाच्या कप्प्याकप्प्यातील दाब मोजता येऊ लागला, औषध सोडून रक्ताचा प्रवाह पडद्यावर पाहता येऊ लागला.

आता 'इको'कडे वळू. नववीच्या विज्ञानात आपण मुलांना सोनार शिकवतो : जहाजातून श्राव्यातीत ध्वनी पाण्यात सोडायचा, तो तळाला आपटून परत येण्यास किती वेळ लागला ते मोजायचे, वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे. इकोमध्ये याहून वेगळे काही नाही. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. माणसाचा कान २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. हृदयासाठी सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी वापरतात.

स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. मायट्रल शस्त्रक्रियेसाठी रोगी निवडण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि झडप नुसती आकसली आहे की गळतेही आहे, हे त्यांना खात्रीने कळत नव्हते. त्यांनी हेल्मूट हेर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाला विचारले, रडारसारखे काही हृदयासाठी करता येईल का? हेर्ट्झने सांगितले, रडार नव्हे, श्राव्यातीत ध्वनी. मालमोच्या जहाजबांधणी कारखान्यात पोलादातील भेगा शोधण्याचे यंत्र होते. हेर्ट्झने ते स्वतःच्या छातीला लावले. पडद्यावर एक रेघ ठोक्याबरोबर हलू लागली! मग सीमेन्स कंपनीकडून तसे यंत्र मिळविले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या दोघांनी हृदयाच्या प्रतिध्वनीचे पहिले आलेख टिपले. जहाजातील भेग शोधणारे यंत्र माणसाच्या हृदयातील भेग शोधू लागले ते असे.

यातील एक बारकावा मला फार आवडतो. पडद्यावर जी रेघ सर्वांत चपळ हलत होती ती अलिंदाच्या भिंतीची, असे एडलर यांना आरंभी वाटले. पुढे मृत रोग्यांच्या छातीत, ध्वनी ज्या दिशेने पाठविला होता त्याच दिशेने अणकुचीदार सळई घालून त्यांनी पडताळा घेतला. सळई मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीत शिरलेली आढळली. म्हणजे त्यांच्या नकळत ते इतके दिवस झडपच पाहत होते! निरोगी झडपेची रेघ झपकन खाली येते, आकसलेल्या झडपेची सावकाश उतरते. त्या उतारावरून झडप किती आकसली ते ठरू लागले, आणि जे बोटाला हृदयात शिरल्यावर कळत असे ते छाती न उघडता कळू लागले. १९७७ साली दोघांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

तेव्हाचे हे चित्र म्हणजे नुसत्या रेघा होत्या. हृदयाचा हलता छेद दाखविणारा 'टू-डी' इको १९७० च्या दशकात आला. मग आला डॉप्लर. १८४२ साली प्राग येथे ख्रिश्चन डॉप्लर यांनी ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलेला नियम आपण दौंड जंक्शनवर रोज ऐकतो : न थांबणारी गाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा सूर चढा असतो, फलाटापुढून निघून गेली की उतरतो. गाडीच्या जागी रक्तपेशी घ्या. त्यांच्यावरून परतलेल्या ध्वनीचा सूर किती बदलला यावरून रक्ताचा वेग समजतो. आणि वेगाच्या वर्गाची चौपट केली की झडपेच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांतील फरक पाऱ्याच्या मिलिमीटरांत मिळतो. महारोहिणीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने उसळत असेल, तर चाराचा वर्ग सोळा, त्याची चौपट चौसष्ट. एवढ्या त्रैराशिकाने, ज्यासाठी पूर्वी हृदयात नळी घालावी लागे ते उत्तर मिळू लागले. हे गणित नॉर्वेच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात सिद्ध केले. गणित कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देतो.

ओघात एक कडू गोष्टही नमूद केली पाहिजे. याच श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राचा उपयोग आपल्या राज्यात गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी झाला. त्याविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला आणि १९९४ साली तो केंद्राने सर्व देशासाठी केला.

झडप अगदीच निकामी झाली तर ती बदलावी लागते. गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राने १९५३ मध्ये उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया शक्य केली आणि १९६० साली अमेरिकेत स्टार या शल्यविशारदाने व एडवर्ड्‌स या अभियंत्याने पिंजऱ्यातील गोळीसारखी कृत्रिम झडप बसविली. आपल्याकडे परदेशी झडपेची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अपयशांनंतर देशी झडप तयार केली. ती पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये एका रोग्याला बसविली गेली. झडप कोणतीही असो, आज ती बसविण्याच्या अगोदर इको, बसविताना अन्ननलिकेतून आत सोडलेला इको, आणि बसविल्यावर टाक्यांच्या कडेने गळती नाही ना हे पाहण्यासाठी पुन्हा इको, असा क्रम आहे. अन्ननलिका अलिंदाला अगदी चिकटून असते. पूर्वी बेरियम पिऊन जी गोष्ट उलट बाजूने ओळखत, तिचाच हा सरळ उपयोग.

परंतु छाती न उघडताच काम व्हावे, ही इच्छा जुनीच. जपानच्या कान्जी इनोउए यांनी १९८२ साली जांघेतील शिरेतून नळी नेऊन, तिच्या टोकावरील फुगा मायट्रल झडपेत फुगवून चिकटलेल्या पाकळ्या सोडविल्या. आपल्याकडे लोक याला 'फुगा घालणे' म्हणतात. १९८५ साली अमेरिकेच्या एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात या पद्धतीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला त्याच्या लेखकांत दिल्लीचे डॉ. खलीलुल्लाह व त्यांचे भारतीय सहकारी होते. पण फुगा प्रत्येकाला चालत नाही. कोणाला चालेल हे ठरविते प्रतिमा. १९८८ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी इकोवरून गुण देण्याची पद्धत सुचविली : पाकळ्यांची हालचाल, जाडी, चुना आणि खालच्या दोऱ्यांची स्थिती, प्रत्येकास १ ते ४ गुण. ही परीक्षा आपल्या परीक्षेच्या उलटी आहे. येथे गुण जितके कमी तितके उत्तम. ८ किंवा त्याहून कमी असतील तर फुग्याचा निकाल चांगला. अलिंदात रक्ताची गुठळी असेल तर नळी तिला धक्का देऊन मेंदूकडे पाठवील, म्हणून तीही आधी पाहावी लागते.

यापुढची पायरी म्हणजे नळीतूनच सबंध नवी झडप नेऊन बसविणे. हेनिंग आंडरसन या डॅनिश डॉक्टरने १९८९ साली डुकरांवर प्रयोग केले. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआं येथे अलँ क्रिबिए यांनी ५७ वर्षांच्या एका मरणोन्मुख गृहस्थाला, ज्यांना शल्यविशारदांनी नाकारले होते, अशी झडप बसविली. ते काही महिने जगले, पण मार्ग उघडला. येथे शल्यविशारदाचे बोटही नाही आणि उघडे हृदयही नाही. सर्व भिस्त चित्रावर. आरंभी महारोहिणीच्या तोंडाचे माप साध्या इकोवरून घेत आणि ते गोल आहे असे धरून चालत. सीटी स्कॅनने दाखविले की ते बहुधा लंबगोल असते! गोल धरून घेतलेले माप अपुरे पडे. झडप लहान बसली तर कडेने रक्त गळते, मोठी बसली तर तोंड फाटण्याचा धोका. आता आधी सीटी स्कॅनवर माप घेतात, जांघेपासून वरपर्यंतच्या रोहिण्या नळी जाण्याइतक्या रुंद आहेत का ते पाहतात, आणि झडपेच्या तिन्ही पाकळ्यांचे तळ एका रेषेत येतील असा क्ष-किरणांचा कोनसुद्धा अगोदरच काढून ठेवतात. गुजरातमधील वापी येथेही आता अशा झडपा बनतात.

एवढे वाचल्यावर आपणांस वाटेल, प्रश्न सुटला. पण मला येथे थोडे थांबावेसे वाटते. ही नळीतून बसणारी झडप मुख्यतः म्हाताऱ्या माणसाच्या, चुना साचलेल्या महारोहिणीसाठी आहे. ती त्या चुन्यालाच धरून बसते. आपल्या खेड्यातील पंचविशीतल्या बाईची संधिज्वराने आकसलेली मायट्रल झडप हा निराळा मामला आहे. तिच्या नशिबी फुगा, नाहीतर उघडी शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचा खर्च आता शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होऊ शकतो, ही मोठीच सोय. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर आणि तिचे प्रमाण ठरविण्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर. माझ्या परिचयातील एका गृहस्थांची झडप शांत खोलीत घड्याळासारखी टिकटिकताना ऐकू येते. ते म्हणतात, "आवाज येतोय तोवर चिंता नाही, गुरुजी, चिंता एस.टी. चुकली तर तपासणी चुकते याची." गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरते. असा रोगी आला की डॉक्टर पुन्हा क्ष-किरणांच्या पडद्यासमोर नेतात आणि धातूची पाकळी उघडते आहे की अडकली, ते पाहतात. सव्वाशे वर्षांपूर्वीचे साधन या कामी आजही पुरते.

म्हणून आपल्या तालुक्याच्या दृष्टीने प्रश्न असा, की झडप बदलण्याची वेळ येण्यापूर्वी ती कोण पाहणार? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून येतात. त्यांच्या यादीत संधिज्वराचा हृदयविकारही आहे. पथकाजवळ असतो स्टेथोस्कोप. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. कानाने तपासले तर दोन्ही देशांत हजारी सुमारे २ मुले दोषी निघाली. त्याच मुलांचा इको काढला तेव्हा कंबोडियात हजारी २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४! म्हणजे दहापैकी नऊ मुले कानाच्या तपासणीतून निसटत होती. वर्गात ती इतरांसारखीच खेळत, धावत होती.

अशा मुलांना शोधून उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर युगांडातून २०२२ साली आले. इकोवर प्राथमिक दोष आढलेली सुमारे ८०० मुले घेऊन त्यांचे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले, दुसऱ्याला दिले नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको काढले. इंजेक्शन न मिळालेल्या ४०० मुलांपैकी ३३ जणांची झडप आणखी बिघडली होती. इंजेक्शन मिळालेल्या ३९९ मुलांपैकी ३ जणांची.